कॉकेशसचा धुमसता डोंगर (भाग ९) : युद्ध जिंकलेला, राज्य हरलेला मस्खादोव

मागच्या भागात आपण झोखार दुदायेवच्या मृत्यूपाशी थांबलो होतो. एप्रिल १९९६ मध्ये रशियन क्षेपणास्त्राने स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या चेचन बंडखोरांचा हा अध्यक्ष टिपला. बंड मात्र थांबले नाही, कारण प्रत्यक्ष लढाईची सूत्रे आधीपासूनच दुसऱ्या माणसाच्या हातात होती.

हा माणूस, अस्लान मस्खादोव, चेचन्यात जन्मलाच नाही. २३ फेब्रुवारी १९४४ पासून काही दिवसांतच स्तालिनच्या हुकमाने चेचन आणि इंगुश लोकांना, जवळजवळ पाच लाख माणसांना, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात धाडण्यात आले. थंडी, उपासमार आणि टायफसने त्यांतली असंख्य माणसे मेली. मस्खादोव या हद्दपारीतच, १९५१ मध्ये कझाकस्तानात जन्मला. कुटुंबांना मायदेशी परतण्याची मुभा मिळाली ती १९५७ मध्ये.

असे बालपण गेलेला मुलगा त्याच सत्तेच्या सैन्यात भरती होतो, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण त्या पिढीतल्या हुशार चेचन तरुणाला वर जाण्याचा रस्ता तिथूनच होता. तिबिलिसीच्या तोफखाना विद्यालयातून तो १९७२ मध्ये बाहेर पडला, पुढे लेनिनग्राडच्या लष्करी अकादमीत शिकला, हंगेरीत राहिला आणि तोफखान्यात कर्नल झाला. जानेवारी १९९१ मध्ये विल्नियसमध्ये सोव्हिएत रणगाडे निःशस्त्र नागरिकांवर चालून गेले, तेव्हा तो लिथुआनियातच नेमणुकीवर होता. पुढच्याच वर्षी त्याने सैन्य सोडले आणि तो चेचन्याची राजधानी ग्रोझनीला, दुदायेवच्या बाजूला आला.

१९९४ च्या अखेरच्या रात्री चेचन बंड मोडण्यासाठी रशियन रणगाडे ग्रोझनीत शिरले. मस्खादोवने त्यांना वेशीवर अडवले नाही, आत येऊ दिले. रणगाड्याची तोफ एका मर्यादेपलीकडे वर उचलता येत नाही आणि खालीही झुकवता येत नाही, हे तोफखान्याच्या या अधिकाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्याच्या छोट्या टोळ्या तळघरांत आणि वरच्या मजल्यांवर दबा धरून बसल्या. रांगेतला पहिला आणि शेवटचा रणगाडा पेटवला की मधले सगळे अडकत. रेल्वे स्थानकापर्यंत पोचलेली मायकोपची ब्रिगेड जवळपास संपली. शहर अखेर रशियाने घेतलेच, पण भयानक बॉम्बफेक करून. त्यात मेलेल्या नागरिकांत ग्रोझनीत राहणारे वृद्ध रशियनही पुष्कळ होते. ऑगस्ट १९९६ मध्ये मस्खादोवने कितीतरी पटींनी मोठ्या फौजेच्या ताब्यातले तेच शहर परत घेतले. महिनाअखेरीस खासाव्युर्तला त्याने रशियाच्या जनरल लेबेदबरोबर करार केला. रशियन फौजा माघारी गेल्या आणि स्वातंत्र्याचा प्रश्न २००१ च्या अखेरपर्यंत लांबणीवर पडला.

जानेवारी १९९७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याला जवळपास ६० टक्के मते दिली. त्याच्यापेक्षा कडवा बंडखोर सेनानी शमिल बसायेव बराच मागे राहिला. थकलेल्या लोकांनी त्यातल्या त्यात मवाळ माणूस निवडला होता. मे महिन्यात मॉस्कोत रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्याबरोबर शांतता करारही झाला.

इथून घसरण सुरू होते आणि ती फार वेदनादायक आहे. देश उद्ध्वस्त, रोजगार नाही, आणि हजारो तरुणांच्या हाती बंदुका. खंडणीसाठी माणसे पळवणे हा धंदाच झाला. डिसेंबर १९९८ मध्ये तीन ब्रिटिश आणि एका न्यूझीलंडच्या अभियंत्याची कापलेली डोकी रस्त्याकडेला सापडली. कडव्या धर्मवाद्यांच्या दबावाखाली मस्खादोवने १९९९ च्या सुरुवातीला शरिया लागू केला. ते त्यानेही शमले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बसायेव आणि अरब लढवय्या खत्ताब शेजारच्या दागेस्तानात घुसले. त्याच महिन्यात रशियात पुतिन पंतप्रधान झाले, आणि दुसऱ्या युद्धाला कारण मिळाले.

मस्खादोवने त्या स्वारीचा निषेध केला, पण बसायेवला रोखले नाही. चेचनांनी चेचनांवर गोळ्या झाडाव्यात, हे त्याला नको होते. यादवीची ही भीती खरी होती, तरीही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी चूक हीच. २००२ मध्ये तर त्याने बसायेवला पुन्हा लष्करी नेतृत्वात घेतले. सप्टेंबर २००४ मध्ये बंडखोरांनी ओलीस धरलेल्या बेसलानच्या शाळेत तीनशेहून अधिक जीव गेले, त्यांत निम्म्याहून जास्त मुले. मस्खादोवने त्या कृत्याचा धिक्कार केला, पण ते घडवणारा बसायेव त्याच्याच बंडातला होता. त्या मुलांच्या आईबापांनी हा धिक्कार का मानावा?

मॉस्कोने मस्खादोव आणि बसायेव या दोघांच्याही शिरावर बक्षीस लावले. फेब्रुवारी २००५ मध्ये मस्खादोवने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि बोलणी मागितली. ८ मार्चला तोल्स्तोय-युर्त गावात, घराखालच्या लपणीत तो मारला गेला. दहशतवादविरोधी कायद्याचा आधार घेऊन रशियाने मृतदेह कुटुंबाला दिला नाही. २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा नकार कुटुंबाच्या हक्कांचा भंग ठरवला.

त्याच्या मागून आलेल्यांना निवडणुकीचा कौल नव्हता. २००७ मध्ये त्यांतल्याच दोकू उमारोवने चेचन प्रजासत्ताकच रद्द करून ‘कॉकेशस अमिरात’ जाहीर केली. ज्याच्याशी करार करता आला असता, असा शेवटचा चेचन बंडखोर नेता मॉस्कोने स्वतःच मारून टाकला होता.

(पुढील आठवड्यात : शमिल बसायेव)