हँडल खाली आणा, पण मापात!

१४ एप्रिलची मिरवणूक असो वा धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरची वाट, आपल्या तरुणांच्या मोटारसायकली आता रांगेने दिसतात. काहींचे उंच हँडल काढलेले असते आणि पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांना दोन आखूड दांडे आवळलेले असतात. हेच क्लिप-ऑन हँडल. या हौसेला नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण अंदाजपंचे केलेली हौस घरच्यांच्या जिवाला घोर लावते, म्हणून हे चार शब्द.

या घाटाच्या गाडीला 'कॅफे रेसर' म्हणतात. १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडमधील श्रमिक घरांतली पोरे लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमत आणि आपल्या जुन्या गाड्या स्वतःच्या हातांनी वेगवान बनवत. हँडल खाली आले की स्वार पुढे वाकतो व वारा कमी अडतो, एवढेच त्यामागचे शास्त्र. रॉयल एनफील्डने २०१८ साली आणलेल्या कॉन्टिनेन्टल जीटी ६५० ला तर कारखान्यातूनच क्लिप-ऑन होते.

आता काम. प्रथम शॉकअपच्या नळीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. क्लिप-ऑनचा पट्टा नेमक्या त्याच मापाचा हवा. सैल पट्ट्यात पत्रा कोंबून भागवू नये. ब्रेक दाबताच हँडल फिरेल. वरच्या टीखाली पट्टा बसवायचा तर पुढचे चाक उचलून गाडीला भक्कम टेकू द्यावा. दोन्ही नळ्या मूळ उंचीवर, अगदी सारख्या बसवाव्यात.

मग हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे. टाकी आणि मूठ यांत बोटे चेमटतात काय? ब्रेकची नळी ताणते काय? इंजिन चालू ठेवून, गिअर न टाकता, पुन्हा वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणते आहे असे समजावे. लांब पडलेल्या केबली गुंडाळून बांधू नयेत. योग्य लांबीच्या घ्याव्यात. ब्रेकची नळी सोडली असल्यास त्यातील हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावले. म्हणून खर्चाआधी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारणा करावी. वाकून बसल्याने मनगटांवर व कमरेवर भार येतो. रोज लांब कामावर जाणाऱ्याने, मागे पत्नी-मुले बसवणाऱ्याने मूळ हँडलच ठेवावे, हे आमचे स्पष्ट मत.

तथागतांनी भिक्खू सोणाला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. फार ताणलेली तार सुरात वाजत नाही, फार सैल सोडलेलीही वाजत नाही. पट्ट्याच्या बोल्टचेही तसेच आहे. फार आवळला तर आटे जातात, सैल ठेवला तर जीव जातो. टॉर्क पाना घेऊन, उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत, दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळावेत.

आपल्या बापजाद्यांच्या हातांत कसब होते, पण त्याला मोल नव्हते. आज मोजून, समजून काम करणाऱ्या मेकॅनिकला गाव शोधत येते. तरुणांनो, हौस जरूर करा. पण तिच्या निमित्ताने व्हर्नियर वाचायला शिका. ती विद्या पुढे पोटालाही उपयोगी पडेल.