शेखाला सल्ला कधी ऐकावा लागतो?

अरब नेतृत्वाविषयी आपल्याकडे एक समजूत पक्की रुजली आहे. टोळी, घराणे आणि धर्म यांनी घडवलेल्या त्या समाजाला वरून आलेला हुकूम मानायची सवयच आहे, म्हणून तिथे शेख, सुलतान आणि लष्करशहा टिकतात, अशी ती समजूत. तिला आकड्यांचाही आधार दिला जातो. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांनी 1967 ते 1973 या काळात दिलेली उत्तरे तपासून ‘सत्ता-अंतर’ नावाचा निर्देशांक मांडला. हाताखालची माणसे वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातली दरी किती सहज स्वीकारतात, हे त्यात मोजले जाते. इजिप्त, इराक, कुवेत, लेबनॉन, लिबिया, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या एकमेकांशी फारसे न जुळणाऱ्या सात देशांची मोट बांधून त्यांना मिळून 80 गुण दिले गेले. व्यवस्थापनाच्या वर्गांत हा आकडा आजही सांगितला जातो. त्याच तक्त्यात भारताचे गुण 77 आहेत. वरिष्ठांपुढे मान तुकवण्याची वृत्तीच राज्यपद्धत ठरवत असती, तर भारतात मतपेटीतून एकामागून एक सरकारे बदललीच नसती. पुढे 62 समाजांतल्या सुमारे 17,000 व्यवस्थापकांना विचारून केलेला ‘ग्लोब’ हा मोठा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन वेगळे प्रश्न होते : दरी आहे किती, आणि असावी किती? जवळपास सगळीकडे, मध्यपूर्वेतही, लोकांना हवी असलेली दरी प्रत्यक्षातल्या दरीपेक्षा बरीच कमी निघाली. म्हणजे लोक जे सोसतात तेच त्यांचे मूल्य असते, हे गृहीतच चुकीचे आहे. माझे म्हणणे असे की, नेत्याने कसे वागावे याच्या अटी संस्कृती घालून देते. त्या अटी त्याला खरोखर पाळाव्या लागतात का, हे त्याचा खजिना कोण भरतो यावर ठरते. कुवेतचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हे जितके स्वच्छ दाखवतो तितके दुसरे कोणतेही उदाहरण दाखवत नाही.

आधी त्या अटी कोणत्या, ते पाहू. कुवेतमधल्या जुन्या घराण्यांच्या घराला बाहेरून दार असलेले एक वेगळे दालन असते. त्याला दिवानिया म्हणतात. भिंतींच्या कडेने बैठका मांडलेल्या, मधली जागा मोकळी. संध्याकाळच्या नमाजानंतर माणसे जमू लागतात. ठरलेल्या वारी दिवानिया उघडी असली की आमंत्रण लागत नाही. आत येणाऱ्याने सलाम केला की बसलेले उठतात. तो उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत जातो आणि मगच बसतो. वेलदोड्याच्या वासाची फिकट कॉफी कान नसलेल्या चिमुकल्या पेल्यात तळापुरतीच ओततात. पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. पुरे झाल्यावर तो हलकेच हलवून परत द्यायचा. या दालनात लग्ने जुळतात, भांडणे मिटतात, धंद्याचे सौदे होतात, आणि निवडणुकीत उमेदवार एका रात्रीत अनेक दिवानिया पालथ्या घालतो. रमजानमध्ये सत्ताधारी सबाह घराण्यातली माणसेही इथे येऊन जातात. सौदी अरेबिया, ओमान, कतार आणि अमिरातीत अशाच बैठकीला मजलिस म्हणतात. त्या चार देशांच्या मजलिसची 2015 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली. नेत्याकडून असलेल्या अपेक्षा या बैठकीत उघड दिसतात. त्याचे दार उघडे असावे, हात सैल असावा, भांडणात त्याने मध्यस्थी करावी, आणि निर्णयाआधी जाणत्यांना विचारावे. कुराणाच्या 42व्या सूरेचे नावच ‘शूरा’, म्हणजे सल्लामसलत. निमूट आज्ञापालनाचे हे संस्कार नव्हेत. राज्यकर्त्याने मोडले तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येतील, असे हे नियम आहेत.

तेल निघण्यापूर्वी या नियमांना धार होती. कुवेत तेव्हा मोत्यांवर आणि गलबतांवर जगत होते. उन्हाळ्यात शेकडो होड्या मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात जात, मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत, आणि कुवेतच्या बड्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या मुंबईत असत. व्यवहार रुपयांत चाले. कुवेतने स्वतःचा दिनार 1961 मध्ये आणला, तोवर तिथले चलन रुपयाच होते. शेखाचे उत्पन्न म्हणजे या व्यापाऱ्यांनी भरलेली जकात आणि कर. मुबारक अस-सबाह 1896 मध्ये आपल्या दोन सावत्र भावांना ठार करून गादीवर आला होता. मवाळ म्हणावा असा तो माणूस नव्हताच. 1910 च्या सुमारास त्याने कर वाढवले आणि लढाईसाठी माणसे हवीत म्हणून मोत्यांच्या हंगामात पाणबुड्यांना अडवले. हिलाल अल-मुतैरी आणि इतर बड्या मोती-व्यापाऱ्यांनी बंड केले नाही, शस्त्र उचलले नाही. त्यांनी आपल्या होड्या आणि माणसे घेऊन सरळ कुवेत सोडले. मोत्यांचे कर्ज त्यांचे, होड्या त्यांच्या, खलाशीही त्यांचेच. ते गेले तर शहरात उरणार काय? भावांचे रक्त सांडून सत्ता घेतलेल्या मुबारकला कर मागे घ्यावे लागले, त्यांच्याकडे माणसे पाठवून मनधरणी करावी लागली. सल्ला घ्यावा हे मूल्य त्याला ठाऊक नव्हते असे नाही. ते न पाळण्याची किंमत काय, हे व्यापाऱ्यांनी त्याला दाखवून दिले.

मग जपानी संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली आणि मोत्यांचा धंदा बसला. 1938 च्या फेब्रुवारीत कुवेतमध्येच बुरगानला तेल लागले. त्याच वर्षी सुमारे दीडशे घराण्यांनी मिळून 14 जणांचे विधिमंडळ निवडले. अब्दुल्ला अस-सालिम हे सबाह घराण्यातलेच गृहस्थ त्याचे अध्यक्ष होते. मंडळाने जकात सुधारली, मक्तेदाऱ्या मोडायला घेतल्या. तोवर तेव्हाचे राज्यकर्ते शेख अहमद यांनी सोसले. पण तेल कंपनीकडून येणारा पैसा मंडळाच्या हाती द्यावा, अशी मागणी आली तेव्हा डिसेंबरमध्ये मंडळच बरखास्त झाले. सहा महिन्यांत संस्कृती बदलली नव्हती. तीच घराणी, तीच दालने, तीच कॉफी. बदलले होते ते एवढेच, की शेखाला आता व्यापाऱ्यांच्या पैशाची गरज उरली नव्हती. 1946 मध्ये तेलाची निर्यात सुरू झाल्यावर तर नाते उलटेच झाले : पूर्वी व्यापारी शेखाला पैसा पुरवत, आता शेख व्यापाऱ्यांना कंत्राटे आणि सामान्य नागरिकांना घर, नोकरी, शाळा, दवाखाना देऊ लागला. सैल हाताचे मूल्य शाबूत राहिले, किंबहुना फुगले. सल्ल्याचे मूल्य मात्र शिष्टाचारापुरते उरले.

असे असेल तर कुवेतला 1962 ची राज्यघटना आणि 50 निवडून आलेल्या सदस्यांची संसद मिळालीच कशी, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. एक कारण व्यक्तीचे : 1938 च्या मंडळाचे अध्यक्ष अब्दुल्ला अस-सालिम 1950 मध्ये स्वतः अमीर झाले होते. दुसरे गरजेचे : 1961 मध्ये स्वातंत्र्य मिळताच इराकने कुवेतवर हक्क सांगितला, आणि आपल्यामागे जनता आहे हे दाखवणे सबाह घराण्याला भाग पडले. पैशाची गरज संपली तरी पाठिंब्याची गरज उरते. पुढेही हेच दिसते. 1986 मध्ये संसद गोठवली गेली. 1989 च्या अखेरीस माजी खासदार दर सोमवारी कोणाच्या ना कोणाच्या दिवानियात सभा घेऊ लागले. सभाबंदी होती, पण घरात पाहुणे जमण्याला बंदी कशी घालायची? पोलिसांनी दिवानियाची दारे अडवली, तेव्हा राज्यकर्त्यांचे समर्थकही बिथरले. तरी संसद परत आली नाही. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकच्या सद्दाम हुसेनचे सैन्य घुसले, अमीर सौदीत गेले, आणि ऑक्टोबरमध्ये जेद्दाच्या बैठकीत विरोधकांनी पाठिंबा देताना घटना पुन्हा लागू करण्याचे वचन घेतले. 1992 मध्ये निवडणूक झाली. दिवानियाने मागणी जिवंत ठेवली. ती मान्य झाली राज्यकर्ता अडचणीत आल्यावर.

यावर मोठा आक्षेप असा की, 2011 च्या उठावांत ट्युनिशिया, इजिप्त, लिबिया आणि येमेनमधले सत्ताधीश गेले, एकही राजा गेला नाही. मग वंशपरंपरागत राज्य हीच अरब मनाला पटणारी पद्धत नव्हे का? पण इजिप्तचा राजा 1952 मध्ये, इराकचा 1958 मध्ये, लिबियाचा 1969 मध्ये आणि शेजारच्या इराणचा शाह 1979 मध्ये गेला, तेव्हा ही मने कोठे होती? 2011 मध्ये कुवेतने प्रत्येक नागरिकाला 1,000 दिनार आणि वर्षभराहून अधिक काळ मोफत शिधा दिला, सौदी अरेबियाने सुमारे 130 अब्ज डॉलरच्या योजना जाहीर केल्या. तेल नसलेल्या मोरोक्कोच्या राजाला मात्र त्याच वर्षी घटना बदलून सार्वमत घ्यावे लागले. ज्याच्याकडे वाटायला होते त्याने वाटले, नव्हते त्याने अधिकार थोडे सोडले.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. ही उघड्या दाराची संस्कृती कोणासाठी उघडी? दिवानिया मुख्यतः पुरुषांची. कुवेती स्त्रियांना मताचा हक्क मे 2005 मध्ये मिळाला, आणि 2006 व 2008 मध्ये त्यांपैकी एकही निवडून आली नाही. प्रचार जिथे होतो त्या दालनांत सहज शिरता येत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. 2009 मध्ये चार जणी निवडून आल्या, तेव्हा काही दिवानियांची दारे त्यांनी ठोठावून उघडली होती. ओळखीने काम करून घेण्याची ‘वास्ता’ची पद्धतही याच बैठकीत वाढते : ज्याची पोच आहे त्याला न्याय, बाकीच्यांना रांग. आणि कुवेतच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश लोक परदेशी आहेत, त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा. तिथे राबणाऱ्या आपल्या माणसांचा या सल्लामसलतीत कसलाही वाटा नाही. ही उणीव मी झाकणार नाही. पण ती माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. व्यापाऱ्याकडे होडी होती, म्हणून त्याचे निघून जाणे टोचले. स्थलांतरित कामगार निघून गेला तर दुसरा आणला जातो.

मे 2024 मध्ये कुवेतच्या अमिरांनी संसद बरखास्त करून घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. दिवानिया उघड्याच आहेत. दरम्यान आखातात एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. सौदी अरेबियाने 2018 मध्ये मूल्यवर्धित कर आणला आणि 2020 मध्ये तो 5 वरून 15 टक्क्यांवर नेला, कोणालाही न विचारता. अमिरातीत 2023 पासून कंपन्यांच्या नफ्यावर कर आहे. ओमानने 2025 मध्ये कायदा करून वर्षाला 42,000 रियालांपेक्षा अधिक उत्पन्नावर 5 टक्के आयकर ठरवला आहे; तो 2028 पासून लागू व्हायचा आहे. तेलाचा पैसा आल्यानंतर आता पुन्हा आखाती राज्यकर्ते प्रजेच्या खिशाकडे वळत आहेत. आजच्या व्यापाऱ्याला होड्या हाकाव्या लागत नाहीत, त्याचा पैसा रातोरात दुबईतून सिंगापूरला जाऊ शकतो. पगारदाराला मात्र तसे जाता येत नाही. कराचा भार या दोघांपैकी कोणावर अधिक पडतो, यावर मजलिसमधला सल्ला पुन्हा ऐकावा लागेल की नाही हे अवलंबून राहील.