मक्याच्या मुलखातले पहिले दिवस

मेक्सिको शहरात तिथल्या शिक्षण मंत्रालयाची भली मोठी इमारत आहे. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात तिच्या भिंती चित्रांनी भरून काढल्या. त्यांतल्या एका चित्राचे नाव मराठीत ‘आमची भाकरी’ असे होईल. टेबलाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत, मागे फळांच्या टोपल्या घेतलेली माणसे उभी आहेत आणि मध्यभागी बसलेला एक जण भाकरी मोडून वाटतो आहे. हा माणूस आपला वऱ्हाड-नागपूरकडचा, वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्याहून मुंबईला जायचे तर गाडी शेगाव, नांदुरा, मलकापूर करतच जाते. तरी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मक्याचे पीक घेणाऱ्या शंभर शेतकऱ्यांना खानखोज्यांचे नाव विचारले तर पाच जणांना माहीत असेल की नाही, शंका आहे. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, मुलीनेही इंग्रजीत लिहिले. पण शाळेच्या पुस्तकातून जसे एखादे नाव डोक्यात बसते, तसे हे बसले नाही. मला स्वतःला त्यांच्या क्रांतिकार्याइतकेच कुतूहल आहे ते एका साध्या गोष्टीचे. चाळिशीला टेकलेला माणूस, मायदेश तुटलेला, खिसा रिकामा, आणि समोर स्पॅनिश बोलणारी मुले. त्यांना शेती शिकवायची. ते पहिले दिवस कसे गेले असतील?

हा प्रश्न पडण्याला कारण झाला मोताळा तालुक्यातला एक मुलगा. त्याचे वडील माझ्या नोकरीच्या काळातले खातेदार. पीककर्ज वेळेवर भरणारे, म्हणून लक्षात राहिलेले. मुलगा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी मेक्सिकोला गेला, आणि गेला तोही खानखोजे जिथे शिकवीत त्याच परिसरात, तेश्कोकोजवळ. शिष्यवृत्ती होती. पण शिष्यवृत्तीचा पहिला पैसा हाती पडेपर्यंतचा खर्च आणि विमानाचे तिकीट हरभरा विकून आणि नातेवाइकांकडून उसने घेऊन उभे करावे लागले. ‘शिष्यवृत्ती आहे म्हणजे खर्च नाही’ असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे उतरल्यावर तीस दिवसांच्या आत व्हिसा दाखवून रहिवासाचे कार्ड काढायचे, कार्ड मिळाल्याशिवाय बँकेत खाते नाही आणि खात्याशिवाय शिष्यवृत्ती जमा व्हायची कुठे? पस्तीस वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांकडे कागद मागितले. हे ऐकून मला मेक्सिकोतला बँक अधिकारी अगदी ओळखीचा वाटला.

पोरगा गेला ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेअकरा तासांचे अंतर. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे सकाळचे नऊ. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री त्याचा फोन आला. वडिलांना सांगू नका, असे आधी बजावले आणि म्हणाला, “काका, मी वापस येतो. मले इथं लहान लेकरावानी झालं. समोरचा काय म्हणते ते थोडं थोडं समजते, पण माह्या तोंडातून काही निघत नाही. इकडं मी मूर्ख दिसतो.”

मूर्ख दिसतो, हे खरे दुखणे. घरची आठवण, जेवण, थंडी यांचे दुःख सांगता येते, त्याची लाज नसते. पण महाविद्यालयात वादविवादात बक्षिसे घेतलेल्या मुलाला बसचे तिकीट मागताना ‘दोन’ म्हणता येत नाही, दुकानदाराशी बोटे दाखवून बोलावे लागते, विनोदावर सगळे हसून झाल्यावर आपण हसायचे, तेही कशावर ते न कळता! माणूस आपल्या भाषेत जेवढा उंच असतो, तेवढाच परक्या भाषेत बुटका होतो. शिवाय शिकून गेलेली स्पॅनिश आणि कानावर पडणारी स्पॅनिश यांत अंतर असतेच. पुस्तकात ‘आत्ता’साठी एक शब्द दिलेला असतो. मेक्सिकोत त्याचे लाडके रूप ‘आओरिता’ वापरतात, आणि त्याचा अर्थ आत्ता, थोड्या वेळाने, संध्याकाळी किंवा कधीच नाही, यांपैकी काहीही असू शकतो. आमच्याकडे ‘आलोच’ म्हणून चहाच्या टपरीवर तासभर बसणाऱ्या माणसाला हा शब्द शिकवावा लागणार नाही. ‘पापा’ म्हणजे बटाटा आणि शेवटच्या अक्षरावर जोर दिला की ‘बाप’. पहिल्या आठवड्यात पोराने खोलीच्या मालकिणीला आपला बटाटा शेतकरी असल्याचे सांगितले.

जेवणाचे हाल निराळे. घरात वडिलांच्या गळ्यात माळ, शेगावची वारी. तिथे ‘मांस नको’ म्हटले की ताटात कोंबडी येते, कारण ‘कार्ने’ या शब्दाने तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते गुराडुकराचे मांस. कोंबडी त्यात मोजत नाहीत. घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ दिसली म्हणून आनंदाने घ्यावी, तर तिला पुष्कळदा डुकराच्या चरबीची फोडणी. पोरगा पहिले काही दिवस केळी आणि मक्याच्या पोळ्यांवर राहिला. ‘तोर्तिया’ ही मेक्सिकोत मक्याची पातळ पोळी. तोच शब्द स्पेनमध्ये उच्चारला तर बटाटे घातलेले अंड्याचे जाडसर ऑम्लेट पुढे येते. एकाच भाषेचे दोन देश किती लांबचे, याचा हा खाण्यातला पुरावा.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली पहिली अशी की, या भाषेत मराठी माणूस अगदीच उघडा नाही. इंग्रजीतून तिच्याकडे गेलो तर ती वाकडी दिसते, मराठीतून गेलो तर ओळखीची वाटते. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे शब्दशः ‘मला कॉफी आवडते’. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता. स्पॅनिशमध्ये आणि मराठीत आवडणारी वस्तू पुढे आणि माणूस ‘मला’ म्हणून बाजूला. ‘मी’, ‘तू’ न म्हणता नुसत्या क्रियापदावर वाक्य चालते, आपल्या ‘येतो’, ‘जातेस’सारखे. तू आणि आपण हा भेद आहे. विशेषणाला लिंग लागते. त, द हे आपल्यासारखे दातांना जीभ लावून म्हणायचे. हाक मारल्यावर मेक्सिकोतली जुन्या वळणाची माणसे ‘मांदे’ म्हणतात, म्हणजे ‘आज्ञा करा’. नागपूरकडे ‘जी?’ म्हणतात तसे. आणि शब्द तर पोर्तुगिजांच्या वाटेने आधीच आपल्या घरात येऊन बसले आहेत. आपला साबण तो त्यांचा ‘हाबोन’, पाव तो ‘पान’, आणि ज्या ‘पगार’वर माझा संसार चालला तो त्यांच्याकडे ‘पैसे देणे’ असे क्रियापद होऊन वावरतो. भाषा-पंडितांना यात नवीन काही नाही. पण परक्या गावात रडवेल्या झालेल्या पोराला असल्या चार ओळखीच्या खुणा चार नातेवाइकांसारख्या वाटतात.

दुसरी गोष्ट पिकांची. वऱ्हाडातला शेतकऱ्याचा मुलगा मेक्सिकोत गेला म्हणजे तो खरे तर आपल्या पिकांच्या माहेरी गेला. मका तिथला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या नदीखोऱ्यात ‘तेओसिंते’ नावाच्या रानगवतापासून माणसांनी तो घडवला. मिरची तिथली. ज्या कपाशीवर आमच्या जिल्ह्याचे बरेवाईट ठरते, ती अमेरिकन जातीची कपाशीही मूळची तिथली. आपली खरी देशी कपाशी वेगळी. चिकू तिकडचा, बांधावरचा घायपात तिकडचा, निवडुंग तिकडचा, आणि तिथे तर निवडुंगाच्या फडांचे काटे काढून भाजी करतात. दसऱ्याला आपण दाराला जो झेंडू बांधतो, तोही तिथलाच. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथली माणसे आपल्या पितरांसाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, मेलेल्यांना घर सापडावे म्हणून. आमच्या सर्वपित्री आणि दसऱ्याला त्यांनी एकत्र गुंफले आहे म्हणा. चांगल्याबरोबर वाईटही आले. गाजरगवत त्याच भूभागातले, आणि त्याच्यावर सोडायला आपल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात भुंगेही मेक्सिकोतूनच आणले.

स्वयंपाकघरातले तर काय सांगावे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी टरफल काढून पाट्यावर वाटतात आणि त्याची पोळी तव्यावर भाजतात. पाटा-वरवंटा तोच, थापण्याचा आवाज तोच. चुन्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागू लागते. मका युरोपात गेला, चुन्याची ही रीत मात्र मागे राहिली. म्हणून केवळ मक्यावर जगणारे तिकडचे गरीब लोक पेलाग्रा या कातडीच्या आणि मेंदूच्या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या हैराण झाले. पीक गेले, पण बायकांच्या हातचे ज्ञान जहाजात चढले नाही.

पोरगा परत आला नाही. माझ्या बोलण्याने थांबला असे मी म्हणणार नाही, कारण खरे काम केले ते एका अळीने. २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा दिसलेली आणि पुढे आपल्या मक्याची धूळधाण करणारी अमेरिकन लष्करी अळी सगळ्यांना ठाऊक आहे. याच्या वडिलांचा तीन एकर मका तिने खाल्ला होता. तेव्हा हा पोरगा भल्या पहाटे शेतात जाऊन एकेका ताटाच्या पोंग्यात माती-वाळू टाकीत असे. तिथे तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापकांनी वर्ग शेतावर नेला आणि एका मक्याच्या पोंग्याकडे बोट दाखवून ‘गुसानो कोगोयेरो’ असे म्हटले. ‘गुसानो’ म्हणजे अळी आणि ‘कोगोयो’ म्हणजे पोंगा, म्हणजे ही ‘पोंगेवाली अळी’! इंग्रजी पुस्तकात त्याने जिला लष्करी अळी म्हणून पाठ केले होते, तिला इथल्या शेतकऱ्याने तिच्या राहत्या घरावरून नाव दिले होते, आपल्या बापाने दिले असते तसे. तो पुढे झाला, कोवळे पान उलगडले, आतली ओली विष्ठा दाखवली, अळीच्या डोक्यावरचा उलटा इंग्रजी ‘वाय’ दाखवला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलू लागला. क्रियापदे सगळी चुकत होती. पण कोणी हसले नाही, कारण तो काय सांगतो आहे ते त्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शब्दांआधीच कळत होते. त्या दिवशी त्याने वडिलांना फोन केला, मला नाही. मला हे वडिलांकडून कळले.

आता खानखोज्यांकडे वळतो. ते ऐन तारुण्यात देश सोडून गेले होते. अमेरिकेत मोलमजुरी करीत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतीचे शिक्षण घेतले, गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांशी झुंजायला गेले, बर्लिन पाहिले, मॉस्को पाहिले, आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत आले. जुन्या मेक्सिकन क्रांतिकारक मित्रांच्या ओळखीने चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापकी मिळाली. एका जुन्या जहागिरीच्या जागेवर ते विद्यालय नुकतेच हलले होते. ‘जमिनीतून उत्पन्न काढायला शिकवू, माणसाला पिळायला नाही’ अशा आशयाचे त्याचे ब्रीद आहे. तिथल्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रिव्हेरा त्याच सुमारास रंगवीत होता. अशा वातावरणात पांडुरंगराव स्पॅनिश बोलू लागले. त्यांनी मका आणि तेओसिंते यांचे संकर करून पाहिले, गहू सुधारला, आणि विद्यालयाच्या बाहेर पडून शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मला महत्त्वाच्या वाटतात त्या या शाळा. संशोधन प्रयोगशाळेतल्या भाषेत करता येते. आडगावच्या, अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला बियाणे निवडायला शिकवायचे, तर त्याची बोली पोटात जावी लागते. त्या शाळांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने काढली आहेत.

आमच्या पोरापुढे परतीचे तिकीट होते. पैसे उसने आणून का होईना, दोन दिवसांत मलकापूर स्टेशनवर उतरता आले असते. खानखोज्यांना ती सोय नव्हती. इंग्रज सरकारने त्यांच्या नावावर फुली मारली होती, आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की ती फुली १९४७ नंतरही लगेच पुसली गेली नाही. स्वतंत्र देशात यायला त्यांना वाट पाहावी लागली. ज्याच्यासाठी माणूस घरदार सोडतो तो देश मिळाल्यावर त्याच देशाच्या दप्तरात जुनीच यादी चालू असते. दप्तरे अशीच असतात; आयुष्य त्यांत घालवल्यामुळे मला याचे आश्चर्य वाटत नाही, राग मात्र येतो.

१९३६ मध्ये त्यांनी मेक्सिकोतच जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. १९५०च्या दशकात हे कुटुंब नागपूरला आले. २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे तिथेच वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ मध्ये.

नागपूरच्या त्या वर्षांविषयी मला अधिक वाचायला आवडेल. मेक्सिकोत जन्मलेल्या त्या मुलींसाठी नागपूर म्हणजे परदेश होता. भाजीवाली काय म्हणते ते कळत नसणार, उन्हाळा अंगावर येत असणार, आणि बाजारात मका, मिरची, पेरू, झेंडू हे सगळे ओळखीचे चेहरे अनोळखी नावांनी बसलेले असणार. त्यांना ती नावे सांगणारा वडील माणूस तरी घरातच होता.