मोटारसायकलमधील इंधननळ्यांची जोडणी

मोटारसायकलच्या टाकीतील पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत नेणाऱ्या लवचीक नळीला इंधननळी असे म्हणतात. बहुतेक जुन्या मोटारसायकलींना इंधनपंप नसतो. टाकी कार्ब्युरेटरच्या वर बसविलेली असते आणि पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. एकापेक्षा अधिक कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पुरेसे इंधन मिळणे या नळ्यांच्या जोडणीवर बरेचसे अवलंबून असते.

कार्यतत्त्व

टाकीतील पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर उंच असल्यास नळीच्या खालच्या टोकाशी सुमारे २.२ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के इतकाच दाब मिळतो. टाकी रिकामी होत जाते तसा तोही घटतो. त्यामुळे पंपाच्या जोरावर चालणाऱ्या व्यवस्थेत जाणवणार नाही असा लहानसा अडथळाही येथे पुरवठा खंडित करू शकतो.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. पातळी वाढली की तो सुई-झडप बंद करतो व घटली की उघडतो. नळीतून येणारे पेट्रोल खर्चाच्या मानाने कमी पडल्यास चेंबरमधील पातळी खाली जाते, मिश्रणातील इंधनाचे प्रमाण घटते आणि सिलिंडर अतिशय तापतो. भर वेगात असे घडल्यास पिस्टन जाम होण्याचा किंवा वितळण्याचा धोका असतो. जुन्या जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनांत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे इंधन कमी पडले की वंगणही कमी पडते.

पेट्रोल कॉक

टाकीच्या तळाशी बसविलेल्या पेट्रोल कॉकला सामान्यतः चालू, बंद व रिझर्व्ह अशा तीन स्थिती असतात. कॉकची एक उभी नळी टाकीत काही उंचीपर्यंत गेलेली असते. ‘चालू’ स्थितीत पेट्रोल तिच्या तोंडातून येते. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो. मग कॉक रिझर्व्हवर फिरवून तळाजवळच्या छिद्रातून उरलेले पेट्रोल घेता येते. म्हणूनच टाकीतील गंज व पाणी रिझर्व्हवर अधिक प्रमाणात खाली येण्याचा संभव असतो.

काही मोटारसायकलींत निर्वातावर चालणारा कॉक असतो. इंजिन सुरू असताना इनटेक मार्गातील निर्वातामुळे त्यातील पडदा सरकतो व पेट्रोल वाहू लागते. या कॉकला जाणाऱ्या दोन प्रकारच्या नळ्यांची अदलाबदल होऊ नये. पडदा फाटल्यास पेट्रोल निर्वातनळीवाटे थेट इंजिनात शिरते.

अनेक कार्ब्युरेटरांची मांडणी

१९६९ साली आलेल्या होंडा सीबी७५० या चार सिलिंडरांच्या मोटारसायकलीला चार कार्ब्युरेटर होते. तिच्या कॉकला दोन निर्गममुखे असून प्रत्येकातून निघालेली नळी दोन कार्ब्युरेटरांना पेट्रोल पुरविते. त्यामुळे एका नळीत अडथळा आला, तर इंजिन बंद न पडता जोडीतील दोन सिलिंडर अशक्त होतात आणि दोष प्रज्वलनाचा असल्याचा भास होतो.

बीएमडब्ल्यूच्या आर७५/५ मध्ये सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे असल्याने टाकीच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कॉक असतात. टाकी चौकटीच्या नळीवर खोगिरासारखी बसत असल्याने तिच्या तळाचे दोन भाग पडतात. कॉक एकाच बाजूला असेल, तर दुसऱ्या बाजूचे तळाचे पेट्रोल वापरता यावे म्हणून काही टाक्यांना दोन्ही भाग जोडणारी आडवी नळी दिलेली असते. टाकी काढण्यापूर्वी ही नळी सोडवावी लागते.

नळीची निवड

नळीचा आतील व्यास कॉक व कार्ब्युरेटर यांच्या मुखांना अनुरूप असावा लागतो. सैल नळी क्लिपने आवळली तरी गळू शकते. पेट्रोलसाठी नायट्राइल रबराची किंवा आतून फ्लुओरोइलॅस्टोमरचे अस्तर असलेली नळी योग्य ठरते. सिलिकोनची साधी नळी पेट्रोलने फुगते, तर साधी पारदर्शक पीव्हीसी नळी कालांतराने कडक होऊन मुखावरून निसटते. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगून मऊ पडते. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाल्याने जुन्या वाहनांच्या नळ्या, ओ-रिंगा व पडदे यांच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरला आहे.

जोडणीचा मार्ग

नळी कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत सतत उतरती ठेवली जाते. मध्ये उंचवटा आल्यास तेथे हवा अडकते. नळी इंजिनाच्या उष्ण भागाजवळून गेल्यास पेट्रोलची वाफ होऊन बुडबुडे धरतात. दोन्हींचा परिणाम प्रवाह तुटण्यात होतो. तीव्र वळणावर नळी दुमडते, तर गरजेपेक्षा आखूड नळी टाकी बसविताना ताणली जाते. मार्गात वेगळी गाळणी बसवायची झाल्यास ती कमी दाबावर चालणारी असावी लागते.

टाकीच्या झाकणातील हवाछिद्रही या व्यवस्थेचाच भाग आहे. पेट्रोल बाहेर पडते तितकी हवा आत आली नाही, तर टाकीत निर्वात निर्माण होऊन प्रवाह मंदावतो. नळीचे खालचे टोक भांड्यात सोडून कॉक उघडल्यास दोष ओळखता येतो. झाकण लावलेले असताना धार हळूहळू बारीक होत गेली व झाकण काढताच पूर्ववत झाली, तर हवाछिद्र बुजलेले असते. झाकण काढूनही धार बारीकच राहिली, तर कॉक, जाळी किंवा नळी तपासावी लागते.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. त्यामुळे हे काम हवेशीर जागी, इंजिन थंड असताना आणि बॅटरीची जोडणी काढून केले जाते. नवी नळी बसविल्यावर कॉक उघडून, इंजिन सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे प्रत्येक सांधा तपासला जातो.

वाहन उभे करताना साधा कॉक बंद ठेवण्याची पद्धत आहे. सुई-झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिली, तर उघड्या कॉकमधून टाकीतील पेट्रोल जमिनीवर वाहते किंवा सिलिंडरमध्ये उतरते. फोर-स्ट्रोक इंजिनात ते पिस्टनच्या कड्यांवरून क्रँककेसमध्ये झिरपून वंगणतेल पातळ करते. तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास तेल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.