मेंदूचा आलेख, मुकी माकडे आणि मनोरुग्णांची आशा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सारोळ्याजवळ नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. येथे १९८८ सालापासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांना केटामाइन हे भुलीचे औषध चांगले परिचयाचे असते. याच औषधाने गेल्या काही दशकांत मनोविकारांच्या संशोधनाला एक नवी दिशा दाखविली आहे. त्या संशोधनात माकडांचाही वाटा आहे. ते नेमके काय आहे, त्यातून काय साधले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आपण समजून घेऊ या.

प्रथम आजाराविषयी. स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता. रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा संशय पक्का होतो, पुढे तो माणसांपासून तुटत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला हा आजार आहे. आपली धर्मग्रामे त्याला अपवाद नाहीत. तरीही मधुमेहाविषयी जसे मोकळेपणाने बोलले जाते, तसे याविषयी बोलले जात नाही. मराठी समाजात हे मौन मोडण्याचे मोठे काम कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी केले. त्यांच्या पत्नी या आजाराने ग्रस्त होत्या. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. २००४ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटाने हा आजार घरोघरी पोहोचविला.

या आजाराची मोठी अडचण अशी की रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी व नातेवाइकांशी बोलून, त्याचे वागणे पाहून निदान करतात. म्हणून मेंदूतील बिघाड मोजता येईल अशी खूण शास्त्रज्ञ शोधत आहेत.

आकडीच्या रुग्णाच्या डोक्यावर तारा लावून काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, अनेकांनी पाहिला असेल. १८७५ साली इंग्लंडमधील रिचर्ड कॅटन यांनी ससे व माकडे यांच्या उघड्या केलेल्या मेंदूवर विजेचे सूक्ष्म प्रवाह नोंदविले. १९२४ साली जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख काढला. पुढे कवटीला धक्का न लावता, केवळ डोक्याच्या कातडीवरून तो घेता येऊ लागला.

या आलेखात एक विशेष लाट आढळते. कानात ‘टुक, टुक, टुक’ असा एकसारखा आवाज येत असावा आणि मध्येच एखादा वेगळा सूर यावा. आपण पुस्तक वाचत असलो, आवाजाकडे आपले लक्ष नसले, तरी वेगळा सूर आल्यावर सेकंदाच्या एक ते दोन दशांश अवधीत मेंदू एक छोटीशी लाट उमटवितो. ‘काहीतरी बदलले’ ही मेंदूची नोंद होय. फिनलंडचे रिस्टो नाताअनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली तिचे वर्णन केले. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत ही लाट सरासरीने लहान असते, असे पुढील अभ्यासांत वारंवार दिसून आले.

येथे केटामाइनचा संबंध येतो. भूल येणार नाही इतक्या अल्प प्रमाणात ते निरोगी माणसाला दिले, तर काही काळ छिन्नमनस्कतेसारखी लक्षणे दिसतात आणि ती लाटही खुजी होते. मेंदूतील ग्लुटामेट या रसायनाचा एक मार्ग हे औषध अडविते. बहुतेक प्रचलित औषधे मात्र डोपामाइन या दुसऱ्याच रसायनावर काम करतात. त्यांनी आवाज व भ्रम कमी होतात, पण उदासीनता आणि विचारांचा विस्कळीतपणा बराचसा तसाच राहतो. नवा मार्ग शोधण्याची गरज येथेच आहे.

उंदरांवर गुणकारी वाटलेली काही औषधे माणसांवरील मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली आहेत. उंदराचा मेंदू आपल्यापासून फार दूरचा, तर माकडाचा बराच जवळचा. परंतु पूर्वी माकडांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने तारा बसवून नोंदी घेत. माणसात असे सहसा करता येत नाही, त्यामुळे दोन्ही नोंदींची थेट तुलना होत नसे. २०१३ साली अमेरिकेतील सॉल्क संस्थेच्या रिकार्डो गिल-दा-कोस्टा, थॉमस ऑल्ब्राइट आदी संशोधकांनी माकडांच्या डोक्याच्या मापाची ईईजीची टोपी वापरून, कवटी न छेदता, हीच लाट नोंदविली. अल्प केटामाइन दिल्यावर माकडांतही ती लहान झाली. माणसावर आणि माकडावर एकाच मापाने मोजणी होऊ शकते, हे यातून दिसले.

याचा अर्थ आजार माकडाला झाला असा नाही, आणि निदानाची चाचणी तयार झाली असाही नाही. एकट्या रुग्णाचा आलेख पाहून ‘हा छिन्नमनस्क आहे’ असे आजही सांगता येत नाही. नव्या औषधाचा परिणाम माणसावर प्रयोग करण्यापूर्वी पारखण्याचे एक साधन मिळाले, इतकेच.

आता किमतीविषयी. टोपी घातल्याने जखम होत नाही, हा मोठा दिलासा आहे. पण माकड बंदिवासात असते, त्याला स्थिर बसावे लागते, औषधही घ्यावे लागते. त्याची संमती कोणी विचारत नाही. भारताला या प्रश्नाचा अनुभव आहे. येथील हजारो ऱ्हीसस माकडे परदेशी प्रयोगशाळांत जात असत. १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने ती निर्यात थांबविली. १९६० च्या कायद्यानुसार नेमलेली केंद्रीय समिती प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करते. माकडांवरील प्रयोगाला तिची संमती लागते, आणि प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीत प्राण्यांची काळजी घेणारा पशुवैद्य असावा लागतो. कोविडच्या काळात, २०२० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिन लशीची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर केली होती. ती लस आपल्यापैकी कित्येकांनी घेतली आहे. त्यामुळे हा प्रश्न परक्यांचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

कॅथलिक धर्मशिकवण येथे दोन्ही बाजू सांभाळते. माणसांचे प्राण वाचविण्यास वा त्यांची शुश्रूषा करण्यास मदत होत असेल आणि वाजवी मर्यादा पाळल्या जात असतील, तर प्राण्यांवरील प्रयोग तिला मान्य आहेत. मात्र विनाकारण प्राण्यांना यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असेही ती सांगते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच शिकवणीची आठवण करून दिली. जे टोपीने मोजता येते त्यासाठी कवटी छेदू नये, आणि जे माणसाच्या आलेखातून कळते त्यासाठी माकड पकडू नये, हा त्याचा सरळ अर्थ होय.

इतकी किंमत देऊन मिळालेले ज्ञान आपण घरात वापरणार की नाही? मेंदूची लाट लहान होणे हा पापाचा परिणाम नाही, करणी नाही, बाहेरची बाधाही नाही. तरी आजही रुग्णाला आधी देवऋषीकडे नेले जाते, आणि तो जरा सावरला की गोळ्या बंद केल्या जातात. प्रार्थना अवश्य करावी, पण ती औषधाच्या जागी नव्हे, औषधासोबत. संत लूक स्वतः वैद्य होते. आपल्या घरात वा शेजारी अशी लक्षणे दिसत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. कोठे जावे हे कळत नसेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो. आणि रुग्णाच्या घरी आपले जाणे-येणे थांबू देऊ नये.