काळी माती, खडीची भुकटी आणि गांवचा रस्ता

आपल्याकडे देशावरच्या खेड्यांत जमिनीचीं दोन नांवें फार जुनीं आहेत. जेथें वस्ती असते ती पांढरी आणि जेथें पीक येतें ती काळी. घर बांधावयाचें तें पांढरीवर, हा रिवाज आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. घराला अशी जागा निवडतां येते. रस्त्याला मात्र ती सोय नाहीं. एका गांवच्या पांढरींतून दुसऱ्या गांवच्या पांढरींत जावयाचें, तर मधली काळी ओलांडलीच पाहिजे. आणि काळी माती कपाशीला व ज्वारीला जितकी मायाळू, तितकीच रस्त्याला द्वाड. या द्वाडपणाचें कारण काय, आणि खडीच्या क्रशरबाहेर ढीग होऊन पडलेल्या दगडाच्या भुकटीनें त्यावर कितपत उपाय होऊं शकतो, हें आज सांगावयाचें आहे.

विषय इंजिनियर लोकांचा खरा. परंतु शहरांतील श्रोत्यांचाही त्याच्याशीं निकटचा संबंध आहे. आपल्या घरीं येणारें दूध, भाजी व धान्य याच वाटेनें निघतें. भर पावसांत अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें, तें याच वाटेनें. डिसेंबर २००० मध्यें प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, आणि त्यानंतर पुष्कळ खेड्यांपर्यंत डांबरी रस्ता पोंचला. पण रस्ता पोंचणें निराळें आणि तो टिकणें निराळें. काळ्या जमिनींतून गेलेल्या रस्त्याला कांहीं पावसाळ्यांतच कडेनें लांब लांब भेगा पडतात. पृष्ठभाग लाटांप्रमाणें खालवर होतो. भेगांतून पाणी मुरतें आणि मग खड्डे. पाहणारा डांबराला दोष देतो. तो दोष कधीं खराही असतो. परंतु पुष्कळदां दुखणें डांबराच्या खालीं, मातींत असतें.

स्कॉटलंडचा मॅकॅडम, ज्याच्या नांवावरून खडीच्या रस्त्याला जगभर नांव पडलें, तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हीच गोष्ट सांगत असे. गाडीचें ओझें शेवटीं वाहते ती रस्त्याखालची मूळची जमीन. ती कोरडी राहिली तर वाटेल तें ओझें पेलील, आणि खडीचा थर हें तिच्यावरचें छप्पर होय, असें त्याचें मत होतें. हें मत पुष्कळ जमिनींस लागू पडतें. आपल्या काळीस मात्र तें अर्धेंच लागू पडतें. कारण काळी ओली झाली कीं फुगते, आणि कोरडी झाली कीं आकसून फाटते. तिला ओलही सोसत नाहीं आणि कोरडही सोसत नाहीं.

असें कां व्हावें? सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा झाला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. हा कातळ ऊन, पाऊस व काळ यांच्या मारानें कुजत गेला. अर्धवट कुजला तो मुरूम. पूर्ण कुजून बारीक झाला ती काळी माती. या मातींत चिकण कणांचें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं निम्म्याच्या आसपास असतें, आणि हे कण मिलिमीटरच्या दोन सहस्रांशांहूनही लहान असतात. त्यांतील मुख्य खनिजाला, फ्रान्समधील माँमोरियों या गांवावरून, मॉंटमोरिलोनाइट असें नांव आहे. त्याची रचना पापुद्र्यांची असते. पाणी मिळालें कीं तें पापुद्र्यांच्या मधोमध शिरतें, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, आणि सगळी जमीन वर उचलली जाते. उन्हाळ्यांत पाणी निघून गेलें कीं पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि जमिनीला भेगा पडतात.

हें फुगणें मोजण्याची रीत इतकी सोपी आहे कीं शाळेच्या प्रयोगशाळेंतही ती करून पाहतां येईल. माती वाळवून बारीक चाळणीनें चाळावी. तिचे दहा दहा ग्रॅमचे दोन भाग करून खुणा केलेल्या दोन काचनळ्यांत टाकावे. एकींत पाणी भरावें, दुसरींत रॉकेल. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाहीं, म्हणून त्यांतली माती फुगत नाहीं. चोवीस तासांनीं दोन्ही नळ्यांत माती कोठवर आली तें पाहावें. रॉकेलांत ती १० घनसेंटिमीटर आणि पाण्यांत १८ असेल, तर ती ८० टक्के फुगली असें समजावयाचें. हा आंकडा ५० टक्क्यांपेक्षां अधिक असणारी माती रस्त्याच्या भरावांत वापरूं नये, असा आपल्याकडील सरकारी बांधकामाचा दंडक आहे.

दुसरी कसोटी भार पेलण्याची. ती कॅलिफोर्नियांत निघाली म्हणून तिला तेंच नांव आहे. दाबून बसविलेली माती चार दिवस पाण्यांत ठेवतात, आणि मग ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी दांडा तींत सावकाश घुसवितात. चांगल्या फोडलेल्या खडींत तो अडीच मिलिमीटर जाण्यास १,३७० किलोंचा दाब लागतो. मातीला त्याच्या शेंकडा किती दाब लागला, ती तिची प्रत. काळ्या मातीची प्रत पुष्कळदां दोनतीनच भरते. म्हणजे २७ ते ४१ किलोंच्या दाबानेंच दांडा आंत जातो. ग्रामीण रस्त्यांच्या नियमांत दोन प्रतीची जमीन अतिशय निकृष्ट, तीन-चारची निकृष्ट, पांच-सहाची मध्यम आणि सात ते नऊची चांगली मानिली आहे. जमीन जितकी निकृष्ट, तितका तिच्यावरचा खडीचा थर जाड हवा. आणि खडी म्हणजे पैसा व डोंगर हीं दोन्ही आलीं.

आतां भुकटीकडे वळूं. क्रशरमध्यें कातळ फोडला म्हणजे चाळणींतून निरनिराळ्या मापांची खडी, किंवा विदर्भांत म्हणतात ती गिट्टी, वेगळी पडते. सर्वांत खालीं उरते ती पांच मिलिमीटरहून बारीक अशी कचाची व पिठाची भेसळ. क्रशरवरचे लोक तिला सरळ डस्ट म्हणतात. तिचे ढीग उघड्यावर पडून राहिले तर वाऱ्यानें उडून शेजारच्या पिकावर बसतात आणि माणसांच्या छातींत जातात. हाच त्याज्य माल काळ्या मातीच्या कामीं येतो.

तो कसा, हें समजण्यासाठीं कुंभाराकडे पाहावें. मडक्याच्या मातींत तो राख किंवा बारीक रेती मिसळतो, ती मडकें वाळतांना तडकूं नये म्हणून. न फुगणारे, न आकसणारे कण मधोमध बसले कीं चिकण मातीची ओढाताण कमी होते. रस्त्यांतही तेंच घडतें. भुकटी मिसळल्यानें एक तर चिकण कणांचें एकंदर प्रमाण उतरतें, म्हणून फुगणें व आकसणें त्या मानानें घटतें. दुसरें म्हणजे भुकटीचे कण फोडलेले, म्हणून टोंकदार व खरखरीत असतात. ते एकमेकांत अडकतात, आणि मातीला पूर्वीं नसलेला सांगाडा येतो. तिसरें म्हणजे लहानमोठे कण एकमेकांच्या फटींत बसल्यामुळें दाबलेली माती अधिक घट्ट होते आणि तिला पाणीही कमी लागतें. ही माती त्याच कातळाची, आणि ही भुकटीही त्याच कातळाची. जें कणखरपण कुजतांना गेलें तें थोडेंसें परत घालावयाचें, एवढाच हा व्यवहार.

परंतु येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण याच ठिकाणीं उत्साही लोकांची फसगत होते. भुकटी मातीचा स्वभाव बदलीत नाहीं; ती फक्त त्याची धार बोथट करते. म्हणून किती भुकटी घालावी याला मर्यादा आहे. प्रयोगशाळांतील अनुभव असा, कीं भुकटीचें प्रमाण वाढवावें तशी मातीची प्रत सुधारत जाते. परंतु बहुधा तीस-चाळीस टक्क्यांच्या पुढें लाभ थांबतो किंवा उलटतो, कारण मग कणांस धरून ठेवणारी चिकण मातीच अपुरी पडते. भुकटींत पिठाचा भाग फार असेल तर लाभ आणखी कमी. माती गांवागांवाला निराळी आणि भुकटी क्रशरागणिक निराळी. म्हणून एका तालुक्याचें प्रमाण दुसऱ्या तालुक्यांत डोळे मिटून वापरणें योग्य नव्हे.

माती फारच फुगणारी असेल तर भुकटीच्या जोडीला शेंकडा तीन-चार भाग चुना द्यावा लागतो. चुन्याचें काम निराळें आहे. त्याच्यामुळें सूक्ष्म चिकण कणांच्या गुठळ्या बनतात व चिकटपणा तुटतो. आणि पुढें कांहीं आठवड्यांत व महिन्यांत मातींतील द्रव्यांशीं त्याचा संयोग होऊन सिमेंटासारखा बंध तयार होतो. भुकटीनें सांगाडा दिला, चुन्यानें तो बांधला. मात्र चुना ताजा हवा. हवेवर पडून राहिलेला चुना हळूहळू पुन्हा निर्जीव खडूच होतो.

खर्चाचा अंदाज येण्यासाठीं एक हिशेब पाहूं. रस्ता एक किलोमीटर, रुंदी साडेसात मीटर आणि सुधारावयाचा थर ३० सेंटिमीटर धरला, तर माती झाली २,२५० घनमीटर. दाबल्यावर तिचें वजन सुमारें ३,८०० टन भरेल. त्यांत शेंकडा ३० भुकटी म्हणजे साधारण १,१५० टन, अर्थात् दहा टनी ट्रकच्या ११५ खेपा. तेंच, काळी माती काढून टाकून तिच्या जागीं मुरूम भरावयाचा म्हटलें, तर सगळेच ३,८०० टन किंवा थोडे अधिक बाहेरून आणावे लागतील. म्हणजे जवळजवळ ४०० खेपा, आणि शिवाय एखाद्या टेकडीला खिंडार. अर्थात् हा लाभ क्रशर जवळ असेल तेथेंच. नदीची वाळू महागल्यापासून हीच भुकटी धुऊन काँक्रीटसाठीं वाळू म्हणून विकली जाते. तेव्हां ती सर्वत्र फुकट मिळेल असें समजूं नये. आणि भुकटीसाठीं नवी खाण उघडणें म्हणजे तर मूळ हेतूलाच हरताळ.

काम करण्याची रीतही थोडक्यांत सांगतों. वरची मुळ्या व काडीकचरा असलेली माती खरडून शेतांत परत टाकावी. खालची माती नांगरून ढेकळें फोडावींत. काळीचीं ढेकळें न फोडतां केलेलें मिश्रण हें मिश्रणच नव्हे. मग भुकटी सारखी पसरावी, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरनें दोन-तीन वेळां उलथापालथ करावी, ठरलेलें पाणी शिंपडावें आणि पातळ थरांनीं रोलर फिरवावा. पाणी कमी झालें तर माती बसत नाहीं. अधिक झालें तर रोलरखालीं हलते. भुकटी उतरवितांना व पसरतांना ती ओली ठेवावी आणि मजुरांनीं नाकातोंडावर फडकें बांधावें. हें सर्व पावसाळ्यापूर्वीं उरकलें पाहिजे.

आणि शेवटीं गटारें. कडेला पाणी तुंबून राहिलें तर कोणतीच भुकटी रस्ता वांचवूं शकणार नाहीं. मॅकॅडमचें म्हणणें येथें पूर्णपणें खरें ठरतें.

आपणांपैकीं पुष्कळांचें मूळ घर एखाद्या खेड्यांत असेल, आणि तेथें रस्ता होत असतां आपलें जाणें घडेल. अशा वेळीं डांबर किती जाड घातलें एवढेंच विचारून थांबूं नये. खालच्या मातीची परीक्षा झाली काय, ती किती फुगते व भिजल्यावर तिची प्रत किती, सुधारण्यासाठीं तींत काय व किती मिसळलें, रोलर फिरल्यावर ती मोजून पाहिली काय, आणि पाणी कोणत्या वाटेनें निघून जाणार, हे प्रश्न विचारावे. त्यांचीं उत्तरें कागदावर मिळालीं, तर तो रस्ता पुढच्या पावसाळ्यांतही दिसेल असें मानण्यास आधार आहे. तीं मिळालीं नाहींत, तर डांबर कितीही काळेंभोर दिसो, खालची काळी आपला स्वभाव दाखविल्यावांचून राहणार नाहीं.