प्रदूषण-दायित्व
प्रदूषण-दायित्व : कारखाना, खाण, वीजकेंद्र इत्यादींतून बाहेर पडणाऱ्या घातक द्रव्यांमुळे व्यक्ती, मालमत्ता वा परिसर यांना पोहोचणारी हानी भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी. शासनाकडे भरावयाची रक्कम आणि बाधिताच्या हाती पडणारी भरपाई या भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत वारंवार केली जाते.

इंग्रजी अपकृत्य-कायद्यात भरपाईसाठी सामान्यतः प्रतिवादीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. रायलँड्‌झ वि. फ्लेचर (१८६८) या खटल्यात, स्वतःच्या जमिनीत धोकादायक वस्तू साठविणाऱ्यावर ती निसटल्यास निष्काळजीपणाविनाही दायित्व येते, असे ठरले. तथापि दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य असे अपवाद राहिले. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर (१९८४) वर्षभराने दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणी २० डिसेंबर १९८६ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अपवाद नाकारून ‘निरपेक्ष दायित्वा’चे तत्त्व मांडले. उद्योग जितका मोठा व समर्थ तितकी भरपाई अधिक, असेही त्यात सांगितले आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने मोल द्यावे’ या तत्त्वास १९९६ च्या निर्णयांनी मान्यता मिळाली व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० मध्ये ते समाविष्ट झाले. महाराष्ट्राने जलप्रदूषण-प्रतिबंधाचा कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वीच, १९६९ मध्ये केला होता. परंतु त्याचा रोख नियमनावर होता.

प्रदूषणाचे दोन प्रकार कायद्यापुढे कसे वेगळे ठरतात, हे खानदेशातील उदाहरणांवरून दिसते. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यातील स्फोटात बारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा आकस्मिक अपघातात दोष सिद्ध करण्याची गरज नसते. घातक द्रव्ये हाताळणाऱ्या उद्योगास १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाने विमा सक्तीचा केला असून बाहेरच्या बाधितांना जिल्हाधिकाऱ्याकडे तातडीच्या साहाय्यासाठी अर्ज करता येतो. कामगारांच्या भरपाईची तरतूद स्वतंत्र कायद्यात आहे.

जळगाव जिल्ह्यातील प्रश्न संथ स्वरूपाचा आहे. भुसावळजवळील दीपनगर औष्णिक विद्युत् केंद्राची राख पाण्यात कालवून वेल्हाळे परिसरातील तळ्यात सोडली जाते. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण बरेच, पुष्कळदा तीस टक्क्यांहून अधिक असते. पाणी आटले की अशा तळ्याची राख वाऱ्याबरोबर उडून पिकांच्या पानांवर बसते, तर गळती झाल्यास ती नाल्यात उतरते. येथे स्फोट नाही, तारीख नाही, पंचनामा करण्याजोगा एखादा दिवसही नाही. २०१० च्या अधिनियमातील दोषनिरपेक्षतेचे कलम नेमके ‘अपघाता’पुरते आहे. संथ दुष्परिणामांसाठी भरपाई मागता येते, मात्र उत्पन्न कोणत्या वर्षी किती घटले व त्याचे कारण राखच होती, रोग वा अवर्षण नव्हे, हे दाखविण्याचा भार व्यवहारात शेतकऱ्यावरच पडतो. माती-पाण्याच्या चाचण्यांचा खर्च लहान खातेदारास सहसा झेपत नाही.

केंद्र शासनाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर दर टनास १,००० रुपये ‘पर्यावरणीय भरपाई’ बसविली. ती भरल्यावरही राखेची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी केंद्रावर कायम राहते. उपाय कडक खरा. पण ही रक्कम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जमा होते व ती प्रामुख्याने उरलेल्या राखेच्या सुरक्षित विल्हेवाटीसाठी आहे. नावात ‘भरपाई’ असली, तरी शेजारच्या शेतकऱ्याचा तीत वाटा नाही. मोजली जाते ती राख, पिकाची हानी नव्हे.

बाधितास हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे दाद मागता येते. भरपाईच्या अर्जाची मुदत, दाव्याचे कारण प्रथम उद्‌भवल्यापासून पाच वर्षे आहे. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. स्फोटाच्या बाबतीत ही गणना सोपी असते. वर्षानुवर्षे बसत राहणाऱ्या राखेच्या बाबतीत मात्र कारण ‘प्रथम’ केव्हा उद्‌भवले, हाच वादाचा पहिला मुद्दा होऊ शकतो.